एकशे चव्वेचाळीस आकडे आणि एक पुसलेली ओळ

१९९३ सालच्या एका वहीत बारा विहिरींच्या बारा महिन्यांच्या नोंदी आहेत. एकूण एकशे चव्वेचाळीस आकडे. त्याच नोंदींचा एक छापील अहवालही आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर बाराच आकडे जुळतात: पहिल्या विहिरीचा जानेवारीचा, दुसरीचा फेब्रुवारीचा, तिसरीचा मार्चचा, आणि याच क्रमाने बारावीचा डिसेंबरचा. उरलेल्या एकशे बत्तीस जागांपैकी एकही जुळत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी फ्लॉपी आहे. सव्वापाच इंच लांब, तितकीच रुंद, काळी आणि लवचीक. माझ्या पोटात अप्पळमासारखी, म्हणजे तांदळाच्या पापडासारखी पातळ, तपकिरी तबकडी आहे आणि तिच्यावर ते एकशे चव्वेचाळीस आकडे आहेत. तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यासारखी वस्तू पाहिलीही नसेल. मला वाचणारे यंत्र तंजावरात आता एकच उरले आहे आणि त्याच्यावर झाकण घातलेले असते.

मी ज्या कारखान्यात जन्मले तिथे माणसे तोंडाला फडके बांधून काम करीत. धुळीचा एक कण माझ्यावरची अख्खी ओळ पुसू शकतो, एवढी त्यांना माझी काळजी. तपासणीत माझ्यात एकही दोष सापडला नाही, असे माझ्या खोक्यावर छापले होते. ते खरे होते. आजही खरे आहे. पुढची सगळी हकिकत ऐकताना एवढे लक्षात ठेवा.

ते नवे दिवस होते. परदेशी माल मोकळेपणाने येऊ लागला होता आणि प्रत्येक कचेरीला एक कंप्युटर हवा होता. त्याचे करायचे काय, हे तो आल्यावर ठरत असे. राजवाड्याच्या मागच्या रस्त्यावर एका खाजगी विश्वस्त संस्थेचे भूजल अभ्यास केंद्र होते. तिथल्या कंप्युटरची खोली थंड ठेवलेली असे आणि चपला बाहेर काढाव्या लागत. त्या वर्षी आयुधपूजेला पडद्यावर कुंकू लावले, कळफलकावर झेंडू ठेवला, आणि आम्हा दहा फ्लॉप्यांच्या खोक्यावर चंदनाचे ठिपके दिले. एक ठिपका माझ्या लेबलावर पडला. मला अभिमान वाटला. ज्या वस्तूची पूजा होते, तिची तपासणी करायचे कोणाच्या मनात येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

त्या केंद्रात चंद्रमती नावाची एक बाई काम करीत असे. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत राहणारी, पिढ्यान् पिढ्या तंजावरची मराठी. तंजावर ते पापनाशम या पट्ट्यातल्या बारा विहिरींत पाणी जमिनीपासून किती खोल आहे, हे दर महिन्याला मोजून लिहिणे हे तिचे काम. पॅसेंजर गाडीने उतरायचे, भाड्याची सायकल घ्यायची, कालव्याच्या बांधावरून जायचे, वजन बांधलेली पोलादी फीत विहिरीत सोडायची, आणि पाण्याला टेकताच वर आकडा वाचायचा. नऊ वर्षे ती हे करीत होती आणि नऊही वर्षे हंगामी होती. तिला कायम करण्याचा कागद त्या वर्षी प्रथमच तयार झाला होता. केंद्राचे प्रमुख डॉक्टर कृष्णस्वामी त्यावर अहवाल छापून आल्यावर सही करणार होते.

अहवाल छापायचा तर आकडे कंप्युटरात जायला हवे होते. ते घालण्यासाठी वेंकटेश नावाचा तरुण प्रोग्रामर नेमला होता. तो चंद्रमतीच्याच गल्लीतला, लांबचा नातलग. म्हणून १९९४च्या जानेवारीत त्या थंड खोलीत मी तंजावरची घरगुती मराठी प्रथम ऐकली. चंद्रमती वही मांडीवर घेऊन आकडे वाचीत होती आणि वेंकटेश टाईप करीत होता.

"अक्का, हळू वाचा."

"तुझीं दोनच बोटें चालतात, त्यास मी काय करूं? तिसरी विहीर. ऑगस्ट. चार पूर्णांक तीन पाच. इथें मज कुत्रें चावलें. लिही."

"कुत्रें कुठें लिहूं? इथें फक्त आकडे जातात."

"मग तुझा कंप्युटर अर्धाच शहाणा," ती म्हणाली आणि पुढचा आकडा वाचला.

कुत्र्याची नोंद तिच्या वहीत समासात होती. अशा नोंदी जागोजाग होत्या. शाळेत ती तमिळ शिकली होती आणि देवनागरी तिला येत नसे, म्हणून ती घरची मराठी तमिळ अक्षरांत लिही. तिच्या गल्लीत बहुतेक जण तसेच लिहितात. बाहेरच्या माणसाला मात्र ती अक्षरे वाचता येत आणि शब्द समजत नसत.

वाचन संपल्यावर तिने वहीच्या तळाशी हाताने केलेली बेरीज सांगितली: पाचशे अठरा पूर्णांक चार सहा. वेंकटेशच्या प्रोग्रामने पडद्यावर दाखवले: ५१८.४६.

"जुळली, अक्का! एक आकडा हुकला नाही."

"नऊ वर्षांत कधीं हुकला?" असे म्हणून तिने वही मिटली.

आता मला थोडे तांत्रिक सांगावे लागेल. ते वगळले तर ही गोष्ट नुसती रडगाणे होईल. आकड्यांच्या अशा आडव्या-उभ्या तक्त्याला प्रोग्रामर ॲरे म्हणतात. वेंकटेशच्या ॲरेत बारा आडव्या ओळी होत्या, एकेका विहिरीची एक, आणि बारा उभे रकाने, एकेका महिन्याचा एक. वहीतही तसेच होते. पण कंप्युटरच्या स्मृतीत तक्ता नसतो. तिथे एकामागे एक अशी एकच लांब रांग असते, आणि तक्ता त्या रांगेत कोणत्या क्रमाने ओतायचा हे प्रत्येक भाषा आपल्यापुरते ठरवते. वेंकटेशने फोरट्रान या भाषेत एकच वाक्य लिहिले: हा सगळा ॲरे, ओळीला बारा आकडे याप्रमाणे, फाईलमध्ये लिही. वाक्य बिनचूक होते. यंत्राने ते पाळले. मी फिरू लागले, लेखणीचे टोक माझ्यावर टेकले, आणि बारा ओळींची एक साधी मजकुराची फाईल माझ्यात उमटली.

तिच्या माथ्यावर वेंकटेशने आधी एक ओळ घातली होती: विहिरी, आणि महिन्यांची नावे. पण अहवाल छापणारा प्रोग्राम दुसरा होता. तो मद्रासहून आला होता आणि सी नावाच्या दुसऱ्या भाषेत होता. त्याला फक्त आकडे कळत. पहिल्याच ओळीत अक्षरे दिसताच तो थांबला. वेंकटेशने ती ओळ पुसून टाकली आणि पुन्हा चालवले. प्रोग्राम सुरळीत चालला. छपाईयंत्र करकरू लागले. माझ्या आयुष्यातल्या कौतुकाचा तो शेवटचा दिवस. डॉक्टर कृष्णस्वामी आत आले, मला बोटांच्या टोकांनी उचलले आणि म्हणाले, "एका वर्षाचं पाणी या एका कागदाएवढ्या वस्तूत!"

मार्चमध्ये त्यांनी अहवाल नीट वाचला आणि चंद्रमतीला बोलावले. त्यांचे बोलणे तमिळमध्ये झाले. मी अर्थ सांगते. मला पुरावा म्हणून मेजावर ठेवले होते.

"अम्मा, पाचव्या विहिरीत पाणी वर्षभर सात मीटरच्या आसपास. नोव्हेंबरात कालवे काठोकाठ, तरी सात पूर्णांक एक शून्य. अकराव्या विहिरीत मात्र वर्षभर एक मीटरवर, ऐन मेमध्येसुद्धा. कावेरी या दोन विहिरींना वेगवेगळे कायदे लावते काय?"

"सार, माझ्या वहीत तसं नाही."

"आणा वही."

डॉक्टर कृष्णस्वामी लबाड नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. लबाड माणूस असता तर गोष्ट सोपी झाली असती. ते काटेकोर होते. त्यांनी तांबडी पेन्सिल घेतली आणि एकशे चव्वेचाळीस आकडे एकेक करून ताडून पाहिले. जुळेल तिथे वहीत खूण केली. खुणा बारा झाल्या. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत त्यांची एक तिरकी, सरळ रांग लागली. ती पाहून त्यांचा चेहरा उतरला. मला वाटते, त्यांना खरोखर वाईट वाटले.

"जानेवारीत पहिली. फेब्रुवारीत दुसरी. मार्चमध्ये तिसरी," ते म्हणाले. "महिन्याला एक विहीर, अम्मा. क्रमाने. बाकीच्या अकरा घरी बसून. इथे कंप्युटरला तोंडाला येतील ते आकडे सांगितलेत आणि नंतर वही सावकाश, ऋतू बघून भरलीत."

"सार, मी बाराही विहिरींवर गेले. दर महिन्याला. तिसऱ्या विहिरीवर ऑगस्टमध्ये मला कुत्रं चावलं. वण आहे. दाखवू?"

"कुत्र्याचा दाखला विहिरीला चालत नाही." त्यांनी समासावर बोट ठेवले. "आणि हे काय आहे? अक्षरं तमिळ, शब्द कुठले?"

"घरचे, सार."

"घरचे," ते म्हणाले, आणि पुढे काही विचारले नाही.

मग वेंकटेशला बोलावले. त्याला बंगळूरच्या एका कंपनीचे बोलावणे आले होते आणि सोमवारी रुजू व्हायचे होते. दोनच प्रश्न झाले.

"तू वहीतून टाईप केलंस की त्या सांगत होत्या?"

"त्या सांगत होत्या, सार. वहीत मी बघितलं नाही."

"प्रोग्राम बरोबर आहे?"

"टोटल टॅली झाली, सार."

दोन्ही उत्तरे खरी होती. टोटल कशाशी टॅली झाली, हा तिसरा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही. विचारला असता तर उत्तर आले असते: वहीशी. आणि जी वही म्हणे नंतर भरली गेली, तिची बेरीज आकडे घालण्याच्या दिवशीच हजर कशी होती, हे कोणालाही सुचले असते. ते टाचण करीत होते. टाचणात त्यांनी लिहिले: प्रोग्राम तपासला, बरोबर आहे.

तिसरा प्रश्न चंद्रमतीने विचारला. डॉक्टर बाहेर गेल्यावर, दारात, घरच्या भाषेत.

"वेंकटेशा, पाचशें अठरा पूर्णांक चार सहा. बेरीज जुळली, असें तूंच म्हणालास."

"जुळली, अक्का."

"कशाशीं जुळली? माझ्या वहीशींच ना?"

वेंकटेशने चपलेत पाय घातला. "अक्का, मज आतां बस आहे."

"मग एक वेळ पाहून जा. पांच मिनिटें."

"कंप्युटर चुकत नाही, अक्का. तुम्हीच आठवून पाहा, वाचतांना कांहीं..." एवढे बोलून तो निघून गेला. तो खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. त्याला ते पाहायचे नव्हते. या दोन गोष्टींत फरक आहे, पण चंद्रमतीच्या दृष्टीने काही नाही.

त्या दिवशी तिच्याकडून पोलादी फीत परत घेतली आणि तशी पावती दिली. कायम नोकरीचा कागद फायलीतून काढला. वही आणि मी, दोघींना एका तपकिरी पाकिटात घालून वर दोरी बांधली आणि पाकीट कपाटाच्या खालच्या खणात टाकले.

मित्रांनो, माझी कटू तक्रार इथे आहे. मजकुराच्या फाईलचा एकच मोठा गुण असतो: ती उघडायला विशेष काही लागत नाही. एक शब्दाची आज्ञा दिली की ती जशीच्या तशी पडद्यावर येते आणि साक्षर माणसाला वाचता येते. माझी फाईल त्या सबंध चौकशीत कोणीही उघडली नाही. सगळ्यांनी छापील अहवाल पाहिला. त्याला आखीव चौकटी होत्या. मी मेजावर चार फुटांवर होते. मला पुरावा म्हणत होते.

पाकिटात पाच वर्षे गेली. माझ्या शेजारी वही होती. तिच्यातले आकडे आणि माझ्यातले आकडे तेच होते, हे आम्हा दोघींना ठाऊक होते. तीही बोलू शकत नव्हती.

१९९९ साली, नवे शतक लागताच सगळे कंप्युटर गोंधळतील अशी धास्ती पसरली आणि जुन्या फ्लॉप्यांवरचे सगळे नव्या यंत्रात उतरवण्याचा हुकूम निघाला. ते काम कामाक्षी नावाच्या नव्या नोकरदार मुलीकडे आले. एम.एस्सी. झालेली, पुन्हा पुन्हा तपासण्याची खोड असलेली. तिने पाकिटाची दोरी सोडली, मला यंत्रात घातले आणि फाईल उघडली. बारा ओळी. माथ्यावर काही नाही.

"हे कशाचे आकडे?" ती स्वतःशी म्हणाली. पाच वर्षांत मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

तिने वही उघडली. माझी पहिली ओळ तिने वहीतल्या पहिल्या ओळीशी ताडली. पहिला आकडा जुळला, दुसरा जुळला नाही. तिने तो दुसरा आकडा वहीत शोधला. तो पहिल्या रकान्यात, दुसऱ्या ओळीत होता. तिसरा त्याच्या खाली. चौथा त्याच्या खाली. तिचे बोट वहीत खाली खाली उतरत गेले आणि डोळे पडद्यावर उजवीकडे सरकत गेले. बारा आकड्यांनंतर ती पुढच्या ओळीवर आली. पाऊण तासात एकशे चव्वेचाळीस आकडे जुळले. मग तिने तांबड्या पेन्सिलीची तिरकी रांग पाहिली आणि दोन्ही हातांनी डोके धरले.

ती डॉक्टर कृष्णस्वामींकडे गेली. ते आता निवृत्त होऊन सल्लागार म्हणून येत. त्यांनी सगळे शांतपणे पाहिले, एक ओळ स्वतः ताडली, चष्मा काढला.

"अहवालाला शुद्धिपत्र जोडता येईल," ते म्हणाले.

"आणि त्या बाईंना, सर?"

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "शुद्धिपत्राची एक प्रत पाठवा."

कामाक्षीने प्रत पाठवली नाही. ती स्वतः गेली. वही आणि मी तिच्या पिशवीत होतो. चंद्रमती कॉफीपुडीच्या एका दुकानात तराजूवर बसत असे. कामाक्षीने दुकानाच्या पायरीवर वही उघडून तिला उभे-आडवे समजावले. ऐकता ऐकता चंद्रमतीने एका गिऱ्हाइकाची पाव किलो पूड तोलून दिली.

"मी मोजलं होतं, हे मला ठाऊकच होतं, पोरी," ती शेवटी म्हणाली. "हे तुम्हा लोकांसाठी नवं. मला काय सांगायला आलीस?"

कामाक्षीने वही पुढे सरकवली. तिने समासावर बोट ठेवले. "इथे काय लिहिलंय? मला अक्षरं येतात, अर्थ लागत नाही."

चंद्रमतीने वाचले, "मज कुत्रें चावलें," आणि ती हसली. ते हसू ऐकण्यासारखे नव्हते. मग तिने विचारले, "वेंकटेशला सांगितलंस?"

कामाक्षीने त्याला ई-मेल केला होता. उत्तर अमेरिकेहून आले होते, एका ओळीचे: अशी चूक नवशिके नेहमी करतात, मीही तेव्हा नवशिका होतो. कामाक्षीने ते सांगितले.

"आणि माझी नोकरी?"

"कायम नेमणुकीला पंचेचाळीसची अट आहे, अम्मा."

"मला सेहेचाळिसावं आहे," चंद्रमती म्हणाली. "जानेवारीपासून." आणि तिने हात पुढे केला. "दे ते काळं इकडे. पेन दे."

तिने माझ्या लेबलावर, जिथे चंदनाचा डाग होता त्याच्या खाली, तमिळ अक्षरांत मराठी शब्द लिहिले: आडवी ओळ म्हणजे महिना, उभी ओळ म्हणजे विहीर. माझ्यावर बॉलपेनने दाबून लिहू नये, अशी सूचना कारखान्याने दिलेली आहे. तिने दाबून लिहिले. मी तक्रार करीत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे झालात की आकड्यांच्या फाईली माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या वस्तूंत साठवाल. माझे ऐका. आकडे साठवण्याआधी पहिल्या ओळीत लिहा की हे कशाचे आकडे, आडवे काय, उभे काय, मोजले कोणी. दुसरा प्रोग्राम ती ओळ वाचायला नकार देत असेल, तर तो प्रोग्राम बदला. ओळ पुसू नका. साठवल्यानंतर फाईल उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि दोन आकडे मूळ वहीशी ताडा. मात्र ते दोन्ही त्या तिरक्या रांगेतले घेऊ नका. धुळीपासून मला जपणारे पुष्कळ भेटले. मला उघडून वाचणारी एक भेटली, तीही पाच वर्षे उशिरा.

कारण असे होते. पहिल्या भाषेने तक्ता रकान्यामागून रकाना असा फाईलमध्ये लिहिला आणि दुसऱ्या प्रोग्रामने फाईलची प्रत्येक ओळ ही एक विहीर मानून वाचली. विहिरी बारा आणि महिनेही बारा, म्हणून तक्त्याचा आकार बदलला नाही. जागा बदलल्या तरी बेरीज बदलत नाही, म्हणून ती जुळली. पाचव्या विहिरीच्या जागी बाराही विहिरींचा मे छापला गेला आणि अकराव्या विहिरीच्या जागी बाराही विहिरींचा नोव्हेंबर. तिरक्या रांगेतले बारा आकडे अशा उलथापालथीत जागचे हलत नाहीत, म्हणून तेवढेच बरोबर दिसले. चंद्रमती दर महिन्याला बाराही विहिरींवर गेली होती.